नुसतं ‘अ‍ॅलर्जी’ लिहून भागत नाही

आईच्या उजव्या मनगटावर बाटलीच्या बुचाएवढा गोल, काळपट-जांभळा डाग आहे. पहिल्यांदा उठला तेव्हा लालबुंद होता, मधोमध पाण्याचा फोड आणि नुसती आग आग. "काहीतरी चावलं असेल गं," म्हणाली नि विसरून गेली. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, अगदी त्याच जागी. तिसऱ्या खेपेला मनगटावर तर आलाच, शिवाय ओठावरही. तेव्हा कुठे त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, "फोड यायच्या आधी कुठली गोळी घेतली होती?" तिन्ही वेळा लघवीच्या इन्फेक्शनसाठी को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे सल्फा असलेलं अँटिबायोटिक! याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात. त्या जागच्या त्वचेत टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी, मुक्काम ठोकून असतात. तेच औषध पोटात गेलं की तिथेच पेटून उठतात.

मला राग येतो तो याचा की तिसऱ्या खेपेच्या आधीच तिच्या फाइलवर ‘अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी’ एवढंच लिहिलं होतं. कुठल्या? किती दिवसांनी? काय झालं? काही नाही. असल्या नोंदीने तेच औषध पुन्हा दिलं जातं, किंवा चांगलं औषध कायमचं बंद होतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सुमारे 10 टक्के लोक सांगतात, पण नीट तपासलं तर त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ते चालतं. लहानपणी तापात पुरळ आलं, ते व्हायरसचंही असू शकतं, पण शिक्का बसतो गोळीवर.

गोळी घेतल्यावर तासाभरात गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. आठवड्याभराने गोवरासारखं पुरळ आलं तर ते प्रकरण वेगळं, बहुतेकदा सौम्य, तरी डॉक्टरांना दाखवायचंच. पण त्वचा दुखते, फोड येतात, तोंड सोलवटतं, डोळे लाल होतात, यातलं काहीही दिसलं तर एक तासही थांबू नका. तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम असू शकतो. 1922 साली पहिल्यांदा नोंदवलेला हा आजार साधारणपणे औषध सुरू केल्यावर चार दिवस ते चार आठवड्यांत उद्भवतो आणि जीवही घेऊ शकतो. सल्फाची औषधं त्याच्या ठळक कारणांपैकी एक.

म्हणून कळकळीने सांगते, पुरळाचा फोटो काढा, गोळीची पट्टी जपून ठेवा, पहिली गोळी कधी घेतली ती तारीख लिहा.

आईच्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं. औषधाचं पूर्ण नाव, तिन्ही तारखा, मनगटाचा फोटो. परवा नवीन डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली, तर तिनेच कार्ड पुढे सरकवलं, "आधी हे वाचा."