रुपयाला डॉलर, बासष्ट रुपयांत सोनं: १९४५च्या स्वस्ताईचा खोटा हिशेब

दर काही महिन्यांनी एक मजकूर गटागटांतून फिरत येतो. सोबत जुन्या मुंबईचा ट्रामचा फोटो आणि खाली यादी. १९४५ साली सोनं ६२ रुपये होतं. एका रुपयाला एक डॉलर मिळायचा, कारण देशावर एका पैचंही कर्ज नव्हतं. हातात चांदीचा खणखणीत रुपया असायचा. चार आण्यांत सिनेमा, घरोघरी रेडिओ. रांगा नाहीत, काळाबाजार नाही, संप-मोर्चे नाहीत. वर्तमानपत्रात छापून आलं म्हणजे ते खरंच असायचं. आणि शेवटची ओळ: ‘इंग्रज गेले आणि सगळं बिघडलं.’

खाली हळहळणाऱ्या प्रतिक्रियांचा ढीग असतो. मला या मजकुराचा राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांच्यातले बहुतेक आता बोलायला उरलेले नाहीत. त्यांच्या उपाशी रात्रींना ‘सुखाचे दिवस’ म्हणणं हा त्यांच्यावरचा अन्याय आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डॉलरपासून सुरुवात करू. रुपया तेव्हा पौंडाला बांधलेला होता आणि एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स हा दर १९२७पासून ठरलेला होता. पौंडाचे शिलिंग २० आणि पेन्स २४०, म्हणजे पौंडाला साधारण १३ रुपये ५ आणे. युद्धकाळात आणि नंतर १९४९च्या सप्टेंबरपर्यंत पौंडाची किंमत होती ४.०३ डॉलर. भागाकार शाळकरी पोरालाही जमेल: एका डॉलरला सुमारे ३ रुपये ५ आणे. १९४५ला तेवढे आणि १५ ऑगस्ट १९४७लाही तेवढेच. रुपया आणि डॉलर समान असण्याचा दिवस त्या काळात उगवलाच नाही.

कर्जाचं विधान मात्र नीट उलगडून सांगायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. युद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थान परदेशाचा देणेकरी नव्हता, उलट ब्रिटन आपलं देणं लागत होतं आणि तेही थोडंथोडकं नाही, तेराशे दशलक्ष पौंडांच्या आसपास. ऐकायला छान वाटतं. पण ही रक्कम जमली कशी? लष्करासाठी धान्य, कापड, तंबू, बूट, लाकूड, पोलाद इथून उचललं गेलं आणि त्यातल्या मोठ्या हिश्शाचे पैसे ब्रिटनने लंडनमधल्या खात्यावर पौंडांत नुसते मांडून ठेवले. ते पौंड युद्ध चालू असेपर्यंत आपल्याला वापरता येत नव्हते. इथल्या व्यापाऱ्याला, गिरणीमालकाला, सैनिकाला तर रुपये द्यायलाच हवे होते. मग त्या खात्याच्या तारणावर रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या. १९३९च्या ऑगस्टमध्ये चलनात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या, १९४५मध्ये त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. बाजारातला माल लष्कराकडे गेलेला आणि नोटा सहापट झालेल्या. भाव चढले नसते तरच नवल. १९३९च्या ऑगस्टचा घाऊक भाव १०० धरला तर १९४४-४५मध्ये तो २४०च्या पुढे होता. फिरत्या मजकुरातली ‘कर्जमुक्ती’ आपल्या आया-आज्यांच्या स्वयंपाकघरातून वसूल झालेली होती, आणि मजकूर लिहिणारा तीच अभिमानाने मिरवतो आहे.

चांदीच्या रुपयाचं काय? जुन्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. १९४०मध्ये ती निम्म्यावर आणली आणि जुने नाणे सरकार परत घेऊ लागलं. त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट आली. गरजेपेक्षा जास्त नाणी घरात साठवणं गुन्हा ठरवला गेला. तरी चवल्या, पावल्या, आणे बाजारातून गायब झाले. तांबं वाचवण्यासाठी १९४३मध्ये मधोमध भोक असलेला पैसा काढावा लागला. तो भोकाचा पैसा आज कपाटात सापडला की आपण कौतुकाने हातात घेतो. तो टंचाईतून जन्मला. युद्ध संपल्यावर रुपयातली उरलीसुरली चांदीही गेली आणि निकेलचा रुपया आला.

आता सोनं. ६२चा आकडा चुकीचा नाही. वार्षिक सरासरीच्या प्रसिद्ध याद्यांत १९४५साठी दहा ग्रॅमला तेवढाच भाव दिसतो (तोळा म्हणायचा तर ११.६६ ग्रॅमचे ७२ रुपये होतात, पण ते सोडून देऊ). त्याच यादीत सहा ओळी वर गेलं तर १९३९ला भाव तीस-बत्तीस रुपये आहे आणि दोन ओळी खाली १९४७ला ८८च्या वर. आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट! स्वस्ताई म्हणून जो आकडा दाखवला जातो तो चढत्या जिन्याची मधली पायरी आहे.

भाव सांगताना पगार गाळायचा ही या मजकुराची खरी लबाडी. केंद्र सरकारच्या पहिल्या वेतन आयोगाने १९४७मध्ये सर्वांत खालच्या नोकरासाठी महिना ५५ रुपये सुचवले. त्या वर्षीच्या भावाने अर्ध्या तोळा सोन्यालाच तो महिना जेमतेम पुरला असता. आजचा सर्वांत खालचा सरकारी कर्मचारी सोन्याच्या मापाने त्याहून मागे आहे, हे मान्य करायला हवं. सोनं खरोखरच महागलं आहे. पण त्या ५५ रुपयांची फोड पाहा: ३० रुपये मूळ वेतन आणि २५ रुपये महागाई भत्ता. महागाई नव्हती म्हणता, तर पगाराचा निम्म्याजवळ जाणारा भाग महागाईच्या नावाने कशाला द्यावा लागला? मुंबईच्या गिरणी कामगारांनी तर १९४०च्या मार्चमध्येच महागाई भत्त्यासाठी संप केला होता. आणि ५५ रुपयांची सरकारी नोकरी हे भाग्य थोड्यांचं. १९४८-४९च्या पहिल्या अधिकृत अंदाजानुसार देशाचं दरडोई उत्पन्न वर्षाला अडीचशे रुपयांच्या आसपास होतं. महिन्याला एकवीस रुपये. त्यातल्या कुणाला ६२ रुपयांचं सोनं स्वस्त वाटलं असेल?

‘रांगा नव्हत्या’ हे वाचून तर मी थक्क होतो. ८ मार्च १९४२ला रंगून जपानच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्या तांदळावर मुंबई आणि कोकणपट्टी जगत होती. पुढच्या वर्षी, मे १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. देशातलं ते पहिलं मोठं शहर. घरटी कार्ड, माणशी माप, ठरलेलं दुकान. जन्मभर भात खाल्लेल्या रत्नागिरीकडच्या बायकांनी चाळीत गहू आणि बाजरी जे मिळेल ते शिजवलं. साखर मोजून, रॉकेल मोजून. जून १९४३मध्ये कापडावर नियंत्रण आलं आणि ताग्यावर किंमत छापायची सक्ती झाली, कारण धोतर-लुगडं सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेलं होतं. बरं, युद्ध संपल्यावर तरी सुटका? १९४६मध्ये हाल तेच: आदल्या वर्षीचा पाऊस फसलेला, जगभर धान्याची ओढाताण, आणि प्रौढ माणसाचं रोजचं धान्य १६ औंसांवरून १२ औंसांवर आलं. १२ औंस म्हणजे ३४० ग्रॅम. अंगमेहनतीच्या कामगाराला थोडं जास्त मिळे. आज आपल्याला ३४० ग्रॅम पुष्कळ वाटेल, कारण आपल्या ताटात भाजी, डाळ, दूध, तेल, अंडं असतं. ज्याचं जेवण म्हणजे भाकरी आणि चटणी, त्याची ती चौथाई भूक कापली होती.

हे तरी शहरातलं. विजापूर जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. तिथे १९४२-४३मध्ये दुष्काळ पडला. आणि बंगालमध्ये १९४३ साली जे झालं त्यात सरकारच्याच चौकशी आयोगाने पंधरा लाख मृत्यू मान्य केले. नंतरचे अनेक अभ्यासक तीस लाखांच्या आसपास जातात. ‘इंग्रजांच्या राज्यात सुखी होतो’ असं लिहिताना ही माणसं कुठे ठेवायची?

काळाबाजार नव्हता म्हणे. मग साठेबाजी आणि नफेखोरीविरुद्ध १९४३मध्ये वटहुकूम कुणासाठी निघाला? १२ जानेवारी १९४६ला ५००, १००० आणि १०,०००च्या नोटा रद्द झाल्या, कारण युद्धात कमावलेला बेहिशेबी पैसा त्या नोटांत दडून बसल्याचा सरकारला संशय होता. भाड्यावर नियंत्रण आल्यावर पागडी वाढली, ती कुठल्याच पावतीवर दिसत नसे. माणसं आजच्यापेक्षा वाईट होती असं मी म्हणत नाही. टंचाईत सगळीकडे असंच होतं.

सिनेमाचा मुद्दा यालाच जोडून येतो. खालच्या वर्गाचं तिकीट आण्यांत मिळायचं, खरं आहे. पण सिनेमा बनवायला लागणारी कच्ची फिल्म परदेशातून यायची, म्हणून लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे दोन तासांवर आवरली गेली. पुढे ती फिल्म मिळवायलाही परवाना लागू लागला. प्रत्येक खेळाआधी सरकारी प्रचारपट दाखवणं थिएटरवाल्याला सक्तीचं होतं आणि त्याचं भाडंही त्यालाच भरावं लागे. दुसरीकडे युद्धातला काळा पैसा या धंद्यात शिरला. नटांना ठेक्याने मोठ्या रकमा मिळू लागल्या आणि महिन्याच्या पगारावर कलावंत सांभाळणाऱ्या जुन्या कंपन्यांचा कणा मोडत गेला. रेडिओ घरोघरी होता हेही खोटं. वर्षाचा परवाना दहा रुपयांचा, संच वेगळाच, आणि १९४७ साली सगळ्या देशात मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास रेडिओ.

बातम्यांच्या खरेपणाबद्दल एकच उदाहरण देतो आणि ते मुंबईचंच आहे. १४ एप्रिल १९४४. दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. त्यात कापसाच्या गाठी, सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरल्या होत्या. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. शेकडो माणसं गेली, त्यात आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान होते. हजारो बेघर झाले, गोदामांतलं हजारो टन धान्य रेशनच्या काळात जळून गेलं. अर्ध्या मुंबईने डोळ्यांनी पाहिलेल्या या घटनेची बातमी जगाला पहिल्यांदा सांगितली ती जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या पत्रांना सविस्तर छापायची मुभा मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. मस्जिद बंदरला आपला माणूस शोधत फिरणाऱ्या बाईला त्या चार आठवड्यांत वर्तमानपत्राने काय सांगितलं असेल?

पत्रकार भित्रे होते असा याचा अर्थ नाही. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने ऑगस्ट १९४३मध्ये दुष्काळाची छायाचित्रं छापून सरकारची झोप उडवली. मुंबईत १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ गुप्तपणे चालवला, नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत. खरी बातमी सांगण्यासाठी माणसं तुरुंगात जात होती.

उरला संप-मोर्च्यांचा मुद्दा. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल तळातल्या नौसैनिकांनी न्याहारी नाकारली. निकृष्ट अन्न आणि अपमानाची वागणूक ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या पाठिंब्याला गिरणगाव रस्त्यावर उतरलं, गोळीबार झाला आणि मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. जुलैमध्ये टपाल कर्मचाऱ्यांनी पगारासाठी संप पुकारला आणि त्यांच्यासाठी २२ जुलैला मुंबईने हरताळ पाळला. एवढं सगळं फक्त १९४६ या एका वर्षात, त्या ट्रामच्या फोटोतल्याच शहरात.

तुमच्या घरी त्या काळातलं रेशनकार्ड, पगाराची चिठ्ठी, वाण्याची वही किंवा भाड्याची पावती असेल तर तिचा फोटो काढा. नावपत्ता झाका, सालावर बोट ठेवा आणि तो मजकूर पुन्हा आला की त्याच्या खालीच टाका.