वाशिष्ठीला हद्द कोण सांगणार?

संध्याकाळी सातला चिपळूणच्या चिंचनाक्यावर आम्ही चौघे. विषय काढला मंगेश मास्तरने: हवामान बदलावर गावा-शहरांनी सक्तीची वाट न बघता ऐच्छिक हात मिळवावेत की नाही? दिवसभर मुलांकडून ‘माझी वसुंधरा’ची, म्हणजे राज्य सरकारच्या गावा-शहरांसाठीच्या पर्यावरण अभियानाची, ई-शपथ भरून घेऊन आला होता, त्यामुळे अंगात आलं होतं.

“शपथ घेतली की पाऊस कमी पडतो काय रे?” अनिलने सुरुवातीलाच खुंटी मारली. त्याचं कापडाचं दुकान. पुरानंतर भिंतींना रंग काढला, पण एका ठिकाणी हातभर पट्टा तसाच ठेवलाय. मातकट रेघ, माझ्या डोक्याच्याही वर, आणि शेजारी ऑइलपेंटने लिहिलेलं ‘२२ जुलै २०२१’. गिऱ्हाईक साडी बघता बघता तिकडे बघतं आणि गप्प होतं.

अण्णा एका नगरपरिषदेत कारकून म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “ऐच्छिक म्हणजे ऑप्शनला टाकायचं. एवढंच.”

मंगेश हटेना. “धूर कमी करायच्या क्योटो करारात अमेरिका नव्हती. २००५ साली सिएटलच्या महापौराने, ग्रेग निकल्सने, सांगितलं की देश नाही तर नाही, आम्ही शहरं करू. करार १४१ देशांनी मान्य केला होता, म्हणून याला १४१ महापौर हवे होते. पुढे हजाराच्या वर सह्या झाल्या.”

“झाल्या ना? मग अमेरिकेचा धूर गेला?”

मंगेश चहा ढवळत बसला. साखर कधीच विरघळली होती.

पण त्याचा पुढचा मुद्दा मला पटला. २००८ मध्ये युरोपात महापौरांचा करार निघाला. सही करणं ऐच्छिक, पण केलीत की, तेव्हाच्या नियमाने, वर्षभरात धूर कमी करायचा आराखडा द्यायचा, मग दर दोन वर्षांनी काय केलं ते कळवायचं. नाही दिलं तर सदस्यत्व स्थगित. दंड नाही, कोर्ट नाही.

“म्हणजे आमच्या गणपती मंडळासारखं,” अनिल म्हणाला. “वर्गणी दिली नाही की नाव फळ्यावर. मेला, दुसऱ्या दिवशी आणून देतो माणूस.”

अण्णा हसले, पण बधले नाहीत. “माझी वसुंधरा २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश, सगळ्याला गुण. गुण आले की फोटो आले. एकाच खड्ड्यात दरवर्षी तेच साहेब तेच झाड लावताना मी पाहिलेत.”

“आणि वेंगुर्ला?” मंगेश उसळला. “कचरा डेपोची बाग केली त्यांनी! लोक तिकीट काढून कचऱ्याची जागा बघायला जातात. लंडनचं सोडा, वेंगुर्ल्याचं तरी शिका.”

इथे मला तोंड उघडावंसं वाटलं. मार्च २०२२ मध्ये मुंबईने हवामान आराखडा जाहीर केला. त्यात शहराच्या उत्सर्जनाचा सुमारे ७२ टक्के वाटा इमारतींतल्या वीज-इंधनाचा. मोठ्या शहराला धूर मोजायचाय, ठीक आहे. आपलं दुखणं पाण्याचं. कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडून कोळकेवाडीला येतं आणि शेवटी आपल्याच वाशिष्ठीत उतरतं. ते किती नि कधी सोडायचं, हे नगरपरिषद ठरवत नाही. लगतची खेर्डी तर ग्रामपंचायत, तिचा कारभार वेगळा. नदीला कोणी सांगितलंय हद्द कुठे ती? हात मिळवायचाच तर आधी तिथे मिळवा. परदेशी महापौरांबरोबरचा फोटो मागाहून.

“तेच तर म्हणतोय मी!” मंगेश म्हणाला. तो हे म्हणत नव्हता, पण कट्ट्यावर एवढं चालतं.

“सक्ती केल्याशिवाय तो पाटबंधारेवाला तुमच्या मीटिंगला येणार नाय,” अण्णा म्हणाले. यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी तर त्यांच्याच बाजूचा. शेजारच्या गावाशी कचऱ्याची गाडी वाटून घेणं खुशीवर चालेल. रात्री दोनला पाणी सोडताना खाली कळवणं मात्र खुशीवर सोडता येत नाही.

शेवटी अनिल म्हणाला, चला, रविवारी वेंगुर्ला बघून येऊ. अण्णा लगेच गाडीचं विचारू लागले. मांडवीने कुडाळपर्यंत, पुढे एस.टी.

“तिकीट कोण काढणार?”

“ऐच्छिक आहे,” अनिल म्हणाला आणि चहाचे पैसे न देताच उठला.