परत येणारा राक्षस

गेल्या रविवारी माझ्या आठ वर्षांच्या भाचीबरोबर डिस्नेचा 'पिनोकिओ' हा लाकडी बाहुल्याच्या गोष्टीचा कार्टून सिनेमा बघत होते. त्यातल्या लॅम्पविकचं, म्हणजे पिनोकिओच्या वाह्यात मित्राचं, गाढव व्हायला लागलं तशी ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला चिकटली. हीच मुलगी आदल्या दिवशी दुसऱ्या एका कार्टूनमध्ये कुऱ्हाड घेऊन बग्ज बनी या सशाच्या मागे धावणारा, हिरव्या अंगाचा, लाल डोळ्यांचा हाइड नावाचा राक्षस बघून पोट धरून हसत होती. घरातल्या मोठ्यांनी लगेच निकाल दिला: ही जुनी कार्टून्स भेसूर आहेत, मुलांना दाखवूच नका. मला हे पटलेलं नाही. दोन्हीकडे माणसाचं भलतंच काहीतरी होतं, मग एकाला मूल हसतं आणि दुसऱ्याला घाबरतं, हे का, ते आठवडाभर डोक्यात आहे. म्हणून लिहितेय.

'पिनोकिओ' १९४० चा. तो प्रसंग पुन्हा नीट बघा. सुरुवात चक्क विनोदी आहे. लॅम्पविक ऐटीत बिलियर्ड खेळतोय, त्याला गाढवाचे कान फुटतात, शेपूट फुटतं, आणि त्याला पत्ताच नाही. पिनोकिओला ते दिसतं तसा तो हातातला मग मुकाट्याने खाली ठेवतो. मग पिनोकिओ हसतो, ते हसणं गाढवाच्या ओरडण्यासारखं निघतं. लॅम्पविक त्याला हसतो, त्याचंही तेच. इथवर सगळं गमतीचंच चाललंय. पण आरशात बघितल्यावर लॅम्पविक पिनोकिओच्या गळ्यात पडतो, मदत कर म्हणून विनवतो, आणि त्याच हातांचे आपल्यासमोर खूर होतात. भिंतीवर सावली पडते, तो आईला हाक मारतो, आणि उरतं ते लाथा झाडणारं गाढव. पुढे अलेक्झांडर नावाचं एक गाढव येतं. त्याला अजून बोलता येतं. 'मला आईकडे जायचंय' म्हणतं, आणि बोलता येतं म्हणूनच गाढवं विकायला नेणारे त्याला बाजूला काढतात. बघताना आजही माझा घसा दाटतो.

इथे परतीची वाट नाही. माझ्या मते सगळा फरक एवढ्यातच आहे.

आता फ्रिझ फ्रेलेंगकडे या. वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन स्टुडिओच्या या दिग्दर्शकाने लेखक स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या जेकिल-हाइडच्या गोष्टीवर (डॉ. जेकिल एक औषध पितो आणि त्याचा दुष्ट हाइड होतो) तीन कार्टून्स केली: १९५४ मध्ये 'डॉ. जर्किल्स हाइड', १९५५ मध्ये 'हाइड अँड हेअर' आणि १९६० मध्ये 'हाइड अँड गो ट्वीट'. तिन्हींत औषधाचा अंमल कधी चढेल आणि कधी उतरेल, ते पिणाऱ्याच्या हातात नसतं. 'हाइड अँड गो ट्वीट'मध्ये ट्वीटी हा एवढासा पिवळा पक्षी औषधाच्या बाटलीत लपतो आणि त्याचा अक्राळविक्राळ पक्षी होतो. मग तो पुन्हा चिमुकला झाला की त्याला खायला टपलेल्या सिल्व्हेस्टर बोक्याला धीर येतो. बिचारा स्वतःच दार लावून घेतो, आता कुठे जातोस म्हणून, आणि त्याच क्षणी पक्षी पुन्हा फुगतो. पहिल्यांदा आपण दचकतो. दुसऱ्यांदा वाट बघतो. तिसऱ्यांदा दार लागताना दिसलं की आधीच हसू फुटतं. फ्रेलेंग कार्टूनचा वेग संगीताच्या मात्रांवर बांधायचा, आणि इथे राक्षस अगदी समेवर यावा तसा येतो.

तिघांत माझं सर्वांत लाडकं 'हाइड अँड हेअर'. बागेत रोज गाजर देणाऱ्या एका सौम्य डॉक्टरच्या मागे लागून बग्ज त्याच्या घरी राहायला जातो. डॉक्टरला औषधाचं व्यसन आहे. तो पितो, हाइड होतो, परत माणूस होतो, आणि शरमेने मान खाली घालतो. ती शरम खरी वाटते. बग्जला मात्र डॉक्टर आणि राक्षस एकच आहेत हे उमगतच नाही. तो जिवाच्या आकांताने डॉक्टरला राक्षसापासून वाचवायला बघतो, त्याला हाताला धरून आडोशाला नेतो, आणि त्या आडोशातच डॉक्टरचा हाइड होतो. आपल्याला सगळं माहीत आहे, बग्जला काहीच नाही. या फरकावर ती सात-एक मिनिटं उभी आहेत. राक्षसाचं चित्र भीतिदायकच काढलंय, त्यात कुचराई नाही. हसू येतं ते बग्जच्या भाबड्या काळजीमुळे. शेवटी तो बागेत परततो, पण आता औषध त्याच्याही पोटात गेलंय. लोक किंचाळत पळतात, आणि यांना झालं तरी काय, हे त्याला कळत नाही.

कुणी म्हणेल, टॉम बोका आणि जेरी उंदीर यांच्या 'टॉम अँड जेरी'चं काय? एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओने १९४१ मध्ये स्पेन्सर ट्रेसी या नटाला घेऊन गंभीर जेकिल-हाइड सिनेमा केला. त्याच स्टुडिओतून १९४७ मध्ये 'डॉ. जेकिल अँड मिस्टर माउस' आलं. टॉम जेरीला मारायला विष कालवतो, ते पिऊन जेरी पहिलवान होतो. शेवटी टॉम स्वतः पितो तर उंदराहून लहान होतो, आणि तसाच राहतो. परत येत नाही. बरोबर आहे. पण मुलांना ठाऊक असतं की पुढच्या कार्टूनमध्ये टॉम पुन्हा तेवढाच्या तेवढा असणार. मालिकेतल्या पात्रांची परतीची वाट ती अशी. लॅम्पविकला पुढचं कार्टून नाही.

(डिस्नेच्याच १९५० च्या 'मोटर मेनिया' या कार्टूनमध्ये गूफी या कुत्र्याच्या पात्राला औषधसुद्धा लागत नाही. गूफीने रंगवलेला, मुंगीलाही न दुखावणारा मिस्टर वॉकर गाडीत बसला की मिस्टर व्हीलर होतो, उतरला की पुन्हा वॉकर. शोधून जरूर बघा.)

म्हणून सरसकट बंदी घालू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. भेसूर चेहरा दिसला की टीव्ही बंद, असं करू नका. मुलांशेजारी बसा. कुठे हसतात, कुठे उठून जातात, ते बघा.

रात्री झोपताना भाचीने विचारलं, "मावशी, लॅम्पविक परत मुलगा झाला का गं?" मी खरं तेच सांगितलं, सिनेमात तसं दाखवलेलं नाही. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "उद्या तो मोठ्ठा होणारा ट्वीटी लाव."