‘एडिटर काय, दहा ओळींत होतो’ म्हणे!

माझ्या ऐरोलीच्या भाच्याला त्याच्या साहेबांनी एक फॉरवर्ड पाठवलाय. रिच टेक्स्ट एडिटरची (वेबपेजवर बोल्ड-इटॅलिक करत लिहायच्या चौकटीची) नवी लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरता येईल असा तयार कोड, लिहिणं म्हणजे रिकामटेकडे उद्योग, पानावरचा मजकूर थेट बदलू देणारं कंटेंटएडिटेबल ब्राउझरमध्ये फुकट मिळतं, बोल्ड-इटॅलिक दहा ओळींत होतं, गूगल डॉक्सही त्यावरच चालतं, तयार लायब्ऱ्या ढिगाने पडल्यात, नाहीतर एआय लिहून देईल, वगैरे. पोरगं महापेच्या ऑफिसात नेमकं हेच काम करतंय, त्यामुळे रोज टोमणे.

तर दहा ओळी. बोल्ड होतं, नाही कोण म्हणतंय? पण ब्राउझरच्या ज्या एक्झेककमांड नावाच्या आज्ञेने होतं तिच्या, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेकडच्या मसुद्यातच सुरुवातीला लिहिलंय की हे काम अपुरं आहे, मसुद्यापलीकडे जाईल असं वाटत नाही, यातलं बरंचसं थेट वापरू नका, जावास्क्रिप्टच्या एडिटिंग लायब्ऱ्या वापरा. घ्या! मसुदा लिहिणारेच सांगतायत लायब्ररी वापरा.

आणि मराठी टाइप करून बघितलंय का कधी यांनी? ‘क्षितिज’मधला ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर, पण आत चार तुकडे आहेत, क, हलन्त, ष आणि वेलांटी. एडिटरने नुसते तुकडे मोजून मध्येच बोल्डचा टॅग (कोडमधली खूण) घातला की जोडाक्षराची वाट लागते. वर अँड्रॉइडचा कीबोर्ड, तो शब्द पूर्ण होईपर्यंत धरून ठेवतो आणि बहुतेक वेळा कुठलंही बटण दाबा, एडिटरला २२९ हाच आकडा कळवतो, म्हणजे क दाबला की म ते कळायला मार्ग नाही, आणि तेवढ्यात एडिटरने मजकूर पडद्यावर पुन्हा नव्याने काढला तर कर्सर भलतीकडे, अक्षरं डबल. हे दहा ओळींत बसवून दाखवा, वडापाव माझ्याकडून.

गूगल डॉक्सचं तर धडधडीत खोटं. २०१० साली त्यांनी कंटेंटएडिटेबल सोडून स्वतःचा एडिटर लिहिला, २०२१ मध्ये तर मजकूर कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या कोऱ्या पाटीवर, काढायला घेतला.

लायब्ऱ्या ढिगाने आहेत हे मात्र निम्मं खरं, आणि त्यातल्या बऱ्याच अर्ध्यावर सोडलेल्या, हेही. फेसबुकने २०१६ मध्ये ड्राफ्ट जेएस नावाची एडिटर लायब्ररी आणली, ती अँड्रॉइडवर रडायची, शेवटी २०२२ मध्ये लेक्सिकल नावाची नवीन आणली आणि जुनी गुंडाळली. मग तेही रिकामटेकडेच का?

राहिलं ‘एआय लिहून देईल’. देईल की, पण तो कोड जुन्या स्वस्तातल्या फोनवर मराठी कीबोर्ड लावून तपासणार कोण, साहेब?