दुवा मागू नका, विकत घ्या

मराठीने आपली मोठी सोय करून ठेवली आहे. दुवा म्हणजे आशीर्वाद आणि दुवा म्हणजे लिंकसुद्धा. पहिला मिळवायला जन्मभर बरं वागावं लागतं. दुसरा घाऊक मिळतो, पाचशेच्या गठ्ठ्यात. तेव्हा तुमची वेबसाइट गूगलच्या सातव्या पानावर कुढत पडली असेल, तर मजकूर सुधारत बसण्याचा वेडेपणा करू नका. दुवे आणा.

आधी थोडं शास्त्र, म्हणजे विकणाऱ्याशी घासाघीस करताना चार शब्द तोंडावर फेकता येतील. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना, म्हणजे पुढे गूगल काढणाऱ्यांना, वाटलं, की एखादं पान किती मोलाचं हे त्या पानाला विचारू नये, इतरांना विचारावं. कोणी आपल्या पानावर दुसऱ्याचा दुवा दिला, म्हणजे शिफारस केली. आता शिफारशी काही सारख्या नसतात. ज्याला स्वतःला पुष्कळ जण मानतात त्याचा शब्द जड, आणि जो दिसेल त्याला शिफारसपत्र वाटत सुटतो त्याचं वजन तेवढ्याच तुकड्यांत वाटलं जातं. १९९८च्या त्यांच्या निबंधात एक काल्पनिक वाचकही आहे. तो दुव्यांवरून दुव्यांवर भटकतो आणि मध्येच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. तो न कंटाळता पुढचा दुवा धरेल, याची शक्यता साधारण ०.८५. तुमची वेबसाइट त्याने पाहिलेली नव्हती, म्हणून आकडा एवढा मोठा.

या प्रकल्पाचं पहिलं नाव होतं ‘बॅकरब’. तू माझी पाठ चोळ, मी तुझी चोळतो, हा धंदा त्यातून निघणार हे बारशालाच ठरलं होतं. दोष मात्र आपल्याला.

तर खरेदी. दुव्याचे शब्द फार महत्त्वाचे, कारण कोणत्या शब्दांवर दुवा दिलाय हेही यंत्र वाचतं. २००३मध्ये काही खोडसाळ मंडळींनी ‘मिझरेबल फेल्युअर’ म्हणजे ‘दारुण अपयश’ या शब्दांवरून जॉर्ज बुश यांच्या व्हाइट हाउसवरच्या चरित्राला दुवे दिले. त्या पानावर हे शब्द नव्हतेच, पण शोधलं की बुश हजर. गूगलला तो फुगा फोडायला जानेवारी २००७ उजाडला. तुम्ही धडा घ्या आणि पाचशेच्या पाचशे दुव्यांवर ‘सर्वोत्तम छत्री ऑनलाइन’ एवढंच लिहवून घ्या. एकमेकांना न ओळखणाऱ्या पाचशे माणसांना, एकाच आठवड्यात, एकाच शब्दांत तुमच्या छत्रीचा उमाळा आला, यात संशय घेण्यासारखं काय आहे?

दुवे देणाऱ्यांचा छत्रीशी संबंध असावा, असं काही कर्मठ सांगतात. दातांची वेबसाइटही चालेल. माझी आवड विचाराल तर दिवंगतांचे दुवे. मालकाला कंटाळा येतो, डोमेनची मुदत संपते, मग कोणीतरी ते नाव उचलतो आणि कालपर्यंत पक्ष्यांविषयी लिहिणारं ते पान आज तुमच्या छत्र्यांची स्तुती करू लागतं. मेल्यावरही लोक आपल्याविषयी चांगलं बोलतात, हे भाग्य कितीजणांच्या वाट्याला येतं?

जानेवारी २००५मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी दुव्याच्या कोडमध्ये चिकटवायची ‘नोफॉलो’ची चिठ्ठी काढली: दुवा आहे, पण शिफारस समजू नये. २०१९मध्ये तर पैसे देऊन घेतलेल्या दुव्यासाठी ‘स्पॉन्सर्ड’ अशी वेगळी चिठ्ठी आली. लाच घेताना पावती फाडा, म्हणण्यासारखंच हे. दुर्लक्ष करा.

मग एक दिवस पेंग्विन येईल, म्हणजे बनावट दुवे हुडकणारा गूगलचा बदललेला नियम. २४ एप्रिल २०१२ला तो पहिल्यांदा आला आणि दुव्यांवर उभे असलेले पुष्कळ बुरूज ढासळले. घाबरू नका, संगत थोरामोठ्यांची आहे. त्याच वर्षी जानेवारीत गूगलने स्वतःच्याच क्रोमचं पान किमान ६० दिवसांसाठी खाली ढकललं होतं, कारण पैसे देऊन लिहवलेल्या जाहिरातबाजीत एक दुवा सापडला. घरच्या पोराला धोपटलं, ते तुम्हाला सोडतील?

पण खरं जिव्हारी लागतं ते नंतरचं. २०१६पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेतच मुरला आणि बनावट दुवे बहुतेक वेळा नुसते दुर्लक्षित होऊ लागले. शिक्षा नाही, ताकीद नाही, पाचशे दुवे जागच्या जागी आणि तुम्ही अजून सातव्या पानावर. निदान हाकलून तरी द्यायचं! गुन्हा करून दखलही घेतली जात नाही, हा अपमान सोसायला फार मोठं मन लागतं.

नशीब फळफळलं आणि खरोखर कारवाईची नोटीस आलीच, तर त्याच विक्रेत्याला फोन करा. तो आता दुवे काढूनही देतो; त्याचं बिल वेगळं. जे निघत नाहीत ते झटकायला ऑक्टोबर २०१२पासून गूगलने एक सोय दिली आहे: नकोशा वेबसाइटांची यादी साध्या फाइलमध्ये लिहून पाठवायची, की या शिफारशी आम्हाला मान्य नाहीत. यादी मोठी असेल, हात दुखतील, घाई होईल. तरी पाठवण्याआधी एकदा वाचा. तीनशे सत्तेचाळिसाव्या ओळीवर ज्याचं नाव आहे, त्याने खरंच तुमची छत्री घेतली होती, ती पावसात टिकली होती, आणि आपण होऊन त्याने दुवा दिला होता.

पाठवलीत? हरकत नाही. विक्रेत्याकडे अगदी तसाच मिळेल.