‘घाबरवणं’ या आरोपाबद्दल

अरॅक्नॉइडायटिस ऑसिफिकन्स, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणात हाड तयार होण्याचा आजार, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “एमआरआयमध्ये दिसत नाही ते नसतंच. डॉक्टर नसलेल्यांनी लोकांना घाबरवायचे उद्योग बंद करावेत. आणि एवढंच असेल तर ऑपरेशन करून काढून का टाकत नाहीत?”

मतभेद असायला हरकत नाही. पण घरात हे दुखणं सोसलेल्या माणसाशी या सुरात बोलायचं नसतं.

एक मान्य करते. वय वाढतं तसे मज्जारज्जूच्या आवरणावर कॅल्शियमचे चट्टे येतात आणि बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. कॉफमन आणि डन्समोर या संशोधकांनी १९७१ मध्येच ते चट्टे आणि हा आजार वेगळे केले. मी लिहिलं ते आजाराबद्दल, जिथे जुन्या दाहानंतर मज्जारज्जूभोवतीच्या अरॅक्नॉइड नावाच्या पातळ आवरणात खरंखुरं हाड तयार होतं.

आता तुमचं एमआरआयचं वाक्य. घट्ट हाड एमआरआयवर काळं दिसतं, आत चरबीयुक्त मज्जा असेल तर उजळही दिसतं. त्यामुळे ते नजरेतून सुटू शकतं, किंवा नुसत्या चिकटलेल्या नसा वाटू शकतात. सीटीवर तेच पांढरंशुभ्र उठून दिसतं. म्हणून या आजाराची शंका आली की सीटी काढतात.

माझ्या आईची पाठीची शस्त्रक्रिया होऊन बरीच वर्षं झाली होती. पाय जड पडू लागले, मग लघवीवरचा ताबा गेला. एमआरआय पाहून “वयाचं आहे, मनावर घेऊ नका” असं सांगितलं गेलं. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी काढला आणि मज्जारज्जूभोवतीचं हाडाचं कडं बोट ठेवून दाखवलं. तोपर्यंत ती काठीवर आली होती. “नसतंच” हे तुम्ही तिच्यासमोर म्हणून दाखवा.

ऑपरेशनबद्दल मूळ लेखात लिहिलंय, तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही. ते हाड नसांना चिकटलेलं असतं, सोडवताना नसाच दुखावू शकतात. म्हणून त्रास वाढत नसेल तर बरेच सर्जन हात लावत नाहीत. बाकीच्या शेरेबाजीला मी उत्तर देणार नाही.

ज्यांची मणक्याची शस्त्रक्रिया झालीय, मणक्याला मार लागलाय किंवा क्षयाचा मेंदूज्वर होऊन गेलाय आणि आता पायातली ताकद कमी होतेय, त्यांनी आपल्या डॉक्टरांना सीटीबद्दल विचारावं, हे लेखातलं वाक्य मी काढणार नाही.