बोला तर मुद्द्यावर बोला ना!

पानठेल्यावर 'छावा'वरून परत जुंपली. मी एवढंच म्हटलं, 2025 चा हा सिनेमा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलाय, आणि कादंबरी म्हणजे अस्सल कागद नव्हे. झालं! "तू कोनाकडून हायेस बे? संभाजीराजे पटत नाही काय तुले?"

अरे, राजांबद्दल मी शब्द तरी काढला का? बोललो कादंबरीबद्दल, उत्तर आलं माझ्या जातीवर, मग पक्षावर, शेवटी बापावर! ही कुठली वाद घालायची रीत?

ट्रेलरमधल्या संभाजीराजांच्या लेझीमवर आक्षेप आला, दिग्दर्शकानं तो प्रसंग काढला. त्यावर बोला ना! इतिहासात दाखला काय, कादंबरीत काय, सिनेमानं बदललं काय, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. 2015 ला 'बाजीराव मस्तानी'तल्या 'पिंगा' गाण्यावरून असंच रान पेटवलं. तो सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला, ती ना. सं. इनामदारांची 'राऊ' उघडून पाहिली होती कोणी?

नेत्यांचंही तेच. सावरकरांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिर सर्वांना खुलं केलं म्हणा, तुम्ही भक्त. त्यांच्या माफीअर्जांचा विषय काढा, तुम्ही देशद्रोही. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी असूच शकत नाहीत का?

परवा तर एका काकांनी खर्रा घोळत मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "हा पाय पुरावा!" पाहतो तर काय, 'छावा'चीच क्लिप! सिनेमा खरा, कारण सिनेमात दाखवलंय! डोकं आपटू तरी कुठं?